चादरीची चार टोकं

सतरावं सरत आलं तरी तिला सगळे छकुलीच म्हणत. ही छकुली आता आई होणार होती. ज्याच्यापायी हे झालं त्यानं काखा वर केल्या होत्या, आणि बातमी कळल्यापासून आईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. घरात माणसं दोनच. मग आई भांड्यांशी बोले. जेवण निवतंय, हे पातेल्याला सांगायचं आणि छकुलीनं ताट घ्यायचं. लेकी बोले सुने लागे, तशातला प्रकार.

आईची लॉन्ड्री होती. लॉजच्या मोठ्या चादरी यायच्या, त्यांची घडी एकटीनं होत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरून ताणायचं, झटकायचं, मग समोरासमोर येऊन टोकं जुळवायची. दिवसभरात हाताला हात लागायचा तो तेवढाच.

दवाखान्यातल्या नर्सबाई अशा कोवळ्या पोरींना जमवून बाळाला कसं धरायचं, न्हाऊ कसं घालायचं ते बाहुलीवर शिकवत. त्या दिवशी म्हणाल्या, पोटाशी बोलत जा. जुळं असलेली एकजण म्हणाली, एकाशी बोलले तर दुसरं रुसेल. सगळ्या हसल्या. छकुलीही हसली, पण तिथली बाहुली तिच्या हातून दोनदा निसटली होती. मला जमेल का, हे विचारायचं तर ते आईलाच.

संध्याकाळी चादर घेऊन दोघी जवळ आल्या, तर पोट मध्ये आलं. हात पुरेनात. एक टोक सुटून खाली पडलं.

आई पोटाकडे बघून म्हणाली, "जरा सरक रे बाबा. आजीला काम आहे."

आजी हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. छकुलीनं मान खाली घातली आणि पोटालाच म्हणाली, "आजीला विचार, मी झाले तेव्हा तिला भीती वाटली होती का."

आई वाकली, टोक उचललं, उगाच झटकलं. मग सरळ लेकीकडे बघून म्हणाली, "तुला उचलायलासुद्धा घाबरायचे मी. सगळं माझी आईच करायची."

"मग?"

"मग एक दिवस ती बाजारात गेली आणि तू रडायला लागलीस. उचलणार कोण?"

छकुली म्हणाली, "तू मात्र एवढ्यात बाजारात जाऊ नकोस."

"टोकं धर," आई म्हणाली. या खेपेला ती थोडी तिरकी उभी राहिली, आणि टोकं जुळली.