खाचेची कड

मित्रांनो, माझ्या अंगावरचे आकडे आता निम्मे पुसले गेले आहेत. तेव्हा माझी ओळख मलाच करून दिली पाहिजे. मी शिसवी लाकडाची, फूटभर लांबीची, आखणीची जुनी पट्टी आहे. पुस्तकांची बांधणी करणाऱ्या एका कारागिराच्या मेजावर माझे सारे आयुष्य गेले. शिसव हे जड आणि संयमी लाकूड. त्यातून घडलेल्या वस्तूने कोणाचा हेवा करू नये. पण मी केला. षड्रिपूंच्या गणनेत मत्सराचे नाव सर्वांत शेवटी येते. माझ्या वाट्याला मात्र तो सर्वांआधी आला आणि सर्वांत उशिरा गेला. गेला असे म्हणते, तेही जरा जपूनच.

एका कपाटाच्या उरलेल्या फळीतून सुताराने मला कापले. काचेच्या तुकड्याने माझ्या दोन्ही कडा तासल्या, एक डोळा मिटून त्या न्याहाळल्या आणि मला माझ्या धन्याच्या हाती देताना तो म्हणाला, की हिच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवा. त्या वाक्याचा अभिमान मी पुढे कितीतरी वर्षे उराशी बाळगला.

माझे धनी मितभाषी होते. दिवसाकाठी त्यांच्या मुखातून जेवढे शब्द निघत, त्याहून अधिक टाके त्यांच्या सुईतून निघत. पत्नी लवकर निवर्तली. मागे राहिली एक लहानगी लेक, जिला सारे ठकू म्हणत, आणि तिला सांभाळायला आलेली त्यांची धाकटी बहीण, म्हणजे ठकूची आत्या. आत्या शिवणकाम करी. तिचे यंत्र शेजारच्या खोलीत चाले, आणि यंत्र थांबले की तिचे तोंड चाले, असे शेजारी म्हणत. दोन्हींचा टाका पक्का होता.

ठकू सहा वर्षांची असताना तिने एकदा सुरी उचलली आणि माझ्या आधाराने पुठ्ठा कापू लागली. सुरी घसरली. माझ्या एका कडेला, पाचव्या इंचावर, तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली. मला वाटले, आता धनी तिला रागे भरतील. त्यांनी आधी तिची बोटे तपासली, मग मला उचलून प्रकाशात धरले आणि म्हणाले, "राहू दे. आता ही पट्टी शंभरांतही ओळखू येईल."

तेव्हापासून माझ्या दोन कडांचे दोन संसार झाले. गिऱ्हाइकांच्या कामाला अखंड कड. खाचेच्या कडेला काहीच काम नाही. ती बाजू भिंतीकडे करून मी पडून असे.

ठकू मोठी झाली. कागद, खळ, दोरा यांतच तिचा जीव रमे. धन्यांना वाटे, हे मेज पुढे तिचेच. परंतु एका दूरच्या शहरातील मोठ्या ग्रंथालयात जीर्ण पोथ्या आणि कागद दुरुस्त करण्याचे शिक्षण मिळणार होते. तीन वर्षांचा काळ, आणि अर्ध्यावर सोडले तर पुन्हा प्रवेश नाही. तिने जायचे ठरवले. निघताना ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, येते मी." धनी एका वहीचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवत होते. दातांत दोरा धरलेला होता. ते फक्त "हं" म्हणाले. ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

त्यानंतर दोन दिवस आत्याने त्यांना सोडले नाही. दातांत दोरा होता म्हणे. मग तो काढायला काय लोहार बोलवावा लागत होता, असे ती येता-जाता विचारी. धनी मान खाली घालून ऐकत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कापून उरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, पोस्टकार्डाएवढा केला आणि मला जवळ ओढले. माझे मन उचंबळले. पण त्यांनी मला फिरवले आणि खाचेची कड पुठ्ठ्यावर टेकवली. चहूबाजूंनी चौकट आखली. प्रत्येक रेघेत, खाचेपाशी लेखणी किंचित आत घसरली आणि रेघेला तिळाएवढा पोक आला. मी शरमेने काळी झाले. होते त्याहून काळी. मग त्यांनी आतील चित्र काढले: मिटलेले दोन ओठ आणि त्यांत अडकलेला एक दोरा. एवढेच. मागे पत्ता लिहिला आणि कार्ड पेटीत टाकले.

दहाव्या दिवशी उत्तर आले. तेही हाताने केलेले कार्ड. त्यावर होती एक उघडी कात्री.

धनी त्या कात्रीकडे पाहून एकटेच हसले. त्यांनी ते कार्ड मेजासमोरच्या भिंतीवर टाचले, आणि बापलेकींचा तो निःशब्द पत्रव्यवहार सुरू झाला. फार तर ठकू कार्डामागे दोन ओळी लिही. ठकूची उत्तरे लांबली, की ते दोरा संपलेल्या रिळाचे चित्र काढून पाठवीत. तिने एखादे अवघड पान दुरुस्त केल्याचे कळवले, की तिचे लहानपणचे, खिडकीपाशी असलेले बुटके स्टूल काढत, आणि त्यावर राजाची गादी. जे तोंडाने कधी निघाले नसते, ते रंगाने निघे.

आणि मित्रांनो, मी जळत होते. या कार्डांसाठी एक ब्रश घरात आला. खारीच्या केसांचा, कालचा पोर. त्याला स्वच्छ पाण्यात न्हाऊ घालत, त्याचे टोक ओठांनी जुळवत, त्याला पेल्यात उभे ठेवत. मी मात्र आडवी, कोपराखाली. कार्डांचा हेवा तर विचारू नका. त्यांना गाव पाहायला मिळे, कोणीतरी त्यांची वाट पाही. माझ्यावाचून एकाही कार्डाला चौकट नव्हती. पण चित्र पाहणारा चौकट पाहतो थोडीच? त्यातून माझी वाईट बाजू लावायची. परक्याच्या वहीला चांगली कड आणि पोटच्या लेकीला खाचेची! ही माझी थट्टा होती, की तिची, तेच मला कळेना.

त्या घरात जळणारी मी एकटी नव्हते. आत्याचे रेखाटन धन्यांपेक्षा कितीतरी सुबक होते. भरतकामासाठी ती कापडावर खडूने वेल काढी, तेव्हा पाने वाऱ्याने हलतील असे वाटे. पण ते टाक्यांखाली झाकले जाई, आणि कापड गिऱ्हाईक घेऊन जाई. भिंतीवरची कार्डे वाढू लागली, तशी ती त्यांच्यापुढे जरा अधिक वेळ उभी राहू लागली. एकदा ती म्हणाली, "दादा, हिला न्हाऊमाखू मी घातलं, वेण्या मी घातल्या. मला कधी एक चिटोरं तरी आलं का?" धनी म्हणाले, शेवटी तुलाही नमस्कार असतोच की. आत्या म्हणाली, "हो, शेपटीला असतो."

दोन वर्षे अशी गेली. एका सकाळी पुस्तकांवरचे दाबयंत्र आवळताना धन्यांचा उजवा हात एकाएकी गळून पडला. तोंड एका बाजूला ओढले गेले. डॉक्टर आले, अर्धांगाचा सौम्य झटका आहे, वाचा सुधारेल, हाताचे मात्र सांगता येत नाही, असे म्हणाले. वाचा थोडी फिरताच धन्यांनी बहिणीला पहिली गोष्ट सांगितली: ठकूला कळवायचे नाही. वर्ष उरले आहे, सगळे टाकून ती धावत येईल.

"आणि कार्ड गेलं नाही, तर येणार नाही वाटतं?" आत्याने विचारले.

त्यांनी डाव्या हाताने तिच्यापुढे ब्रश सरकवला.

आत्या मेजाशी बसली. दादाची चित्रे पेटीत पडण्याआधी तिने पाहिलेली होतीच. तिने हात तसाच वळवू पाहिला; पुढे पत्ताही दादाच्याच वळणात लिहिला. मला उचलले, माझी अखंड कड तिच्या नजरेला पडलीच नाही, खाच तेवढी पडली. "ही पट्टी आहे की करवत?" असे म्हणून तिने मला खिडकीच्या फटीत खुपसले, तावदान वाऱ्याने आपटू नये म्हणून. दुपारी ती बाजारातून पोलादी पट्टी घेऊन आली. चकचकीत, थंड, आणि सरळपणाचा केवढा तो तोरा! फटीत अडकल्या अडकल्या मी तिच्याकडे पाहत राहिले. त्या क्षणी मला कोणी विचारले असते, तर मी त्या सटवीला गंज चढो एवढेच मागितले असते.

कार्ड पुरे झाले. खिडकीच्या गजावर बसलेला पक्षी. असा पक्षी धन्यांना सात जन्मांत साधला नसता. आत्याने ते त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चित्राकडे पाहिले, मग डाव्या हाताचा अंगठा चौकटीवरून हळूहळू फिरवला. एका जागी तो थांबला. त्यांनी मान वळवून खिडकीकडे पाहिले. मला वाटले, ते आकाश पाहत आहेत.

"छान आहे," ते म्हणाले. "टाक पेटीत."

माझ्यावाचून गेलेले ते पहिले कार्ड. मित्रांनो, तेव्हा मला जे वाटले, त्याला मत्सर म्हणणे अपुरे होईल. इतकी वर्षे बरोबर राहिलेल्याला आपली अनुपस्थिती जाणवूही नये! पंधरा दिवसांनी दुसरे कार्ड गेले, तशाच नितळ चौकटीचे. त्यावरूनही अंगठा फिरला. "टाक," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर सहाव्या दिवशी दुपारी ठकू दारात उभी राहिली.

तिने पिशवीही खाली ठेवली नाही. बापाचा मांडीवर पडलेला हात पाहिला, आणि ओठ घट्ट मिटले. आत्या शिवण टाकून बाहेर आली आणि पांढरीफटक पडली. तिने शपथेवर सांगितले, की मी कोणालाही बोलले नाही; तुला कोणी सांगितले?

"तूच सांगितलंस, आत्या," ठकू म्हणाली.

तिने पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. जुनी सारी कार्डे एकावर एक रचून मेजावर ठोकून सारखी केली आणि शेजारी-शेजारी पसरली. प्रत्येक चौकटीच्या प्रत्येक रेघेला तोच तिळाएवढा पोक. मग त्यांच्याखाली शेवटची दोन कार्डे ठेवली. तिथे रेघ निष्कलंक होती.

"ती खाच मी पाडली होती. बाबांनी पहिल्या कार्डापासून तीच कड लावली. कार्ड आलं की मी चित्राआधी ती खाच शोधते," ती म्हणाली. "एकदा नव्हती, तेव्हा वाटलं चुकून झालं असेल. दुसऱ्यांदा नव्हती, तेव्हा रजा घेतली."

मी फटीतल्या फटीत स्तब्ध झाले. ज्या कडेला मी माझी विटंबना समजले, ती त्यांची सही होती!

ठकू खाली बसली आणि तिने बापाचा निर्जीव हात हातात घेतला. "आत्याला ठाऊक नव्हतं. पण बाबा, तुम्हाला दिसलं नाही?"

धन्यांच्या मुखाची जी बाजू हसू शकत होती, ती थोडी हलली. "दिसलं होतं."

"मग?"

शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "ये, असं म्हणवत नव्हतं."

मग आत्या खाली पडलेला शिवणीचा कपडा झटकत म्हणाली, की डोळे फुटेस्तोवर चित्रे आम्ही काढावीत, आणि नाव व्हावे त्या करवतीचे! बोलणे हसण्याचे होते, पण डोळे हसत नव्हते. ते डोळे मी ओळखले; दोन वर्षे मीही त्याच डोळ्यांनी ब्रशाकडे पाहत आले होते. ठकूनेही ओळखले असावे. तिने उठून पक्ष्याचे कार्ड उचलले, भिंतीवरची आपली कात्री थोडी बाजूला सरकवली आणि त्या जागी ते टाचले.

पंधरा दिवस राहून ती शिक्षण पुरे करायला परत गेली. जाताना मला तिने फटीतून काढले, पदराने पुसले आणि मेजावर ठेवले. पोलादी पट्टी मात्र ती बरोबर घेऊन गेली. म्हणजे प्रवास तिच्याच नशिबी! मला वाईट वाटले, हे कशाला लपवू?

या वेळी ती "येते मी" म्हणाली, तेव्हा धन्यांच्या दातांत दोरा नव्हता. ते म्हणाले, "ये." तो एक शब्द उच्चारायला त्यांना बराच वेळ लागला, आणि ती तो संपेपर्यंत थांबली.

पुढच्या महिन्यात पोस्टमनने एक कार्ड आणले. वर फक्त आत्याचे नाव होते. शेपटीला कोणालाही नमस्कार नव्हता. पुठ्ठ्यावर दोन वेण्या रेखाटलेल्या होत्या, घट्ट आणि सारख्या, आणि भोवतीची चौकट रेघेची नव्हती. आखून घेऊन सुईने लाल दोरा ओवलेला होता. आत्याने त्यावरून बोट फिरवले आणि टाके एकसारखे नाहीत असा शेरा दिला. मग ते कार्ड तिने यंत्राच्या खणात ठेवले. तेव्हापासून तिला त्या खणातली बॉबिन फार वेळा लागू लागली आहे.

आता धनी डाव्या हाताने कार्डे करतात. आत्या दोन्ही हातांनी मला दाबून धरते, आणि सरळ ओढ, दादा, सरळ, म्हणून ओरडते. हात थरथरतो, रेघेला एक सोडून दहा पोक येतात. त्यांतला माझा कोणता आणि त्यांच्या हाताचा कोणता, हे आता मलाही सांगता येत नाही. जी एक खूण माझी म्हणून उरली होती, तीही वाटली गेली. आश्चर्य असे, की याचा मला हेवा वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी खाच पडलेली वस्तू असेल. ती टाकून द्यायच्या आधी, ती कोणी पाडली ते एकदा आठवून पाहा. तोंडाने बोलता येत नसेल, तर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बोला. चित्र वाकडे आले तरी चालेल. आणि कोणी तुम्हाला असे काही पाठवले, तर चित्र पाहून झाल्यावर त्याच्या कडेवरूनही एकदा अंगठा फिरवा.