आशेची मेणबत्ती

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कडं आहे. ताटाएवढं गोल, आणि वर मेणबत्त्या बसवायला चार वाट्या. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, प्रभूची वाट पाहण्याचे दिवस. दर रविवारी माझ्यावर एक मेणबत्ती जास्त पेटते. बाकीचे अकरा महिने मी माळ्यावर पडून असतं, कुकरच्या जुन्या रबरांच्या शेजारी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

मला नामदेवरावांनी घडवलं. कुकटपल्लीच्या कारखान्यात ते लेथवर होते. जेवणाच्या सुट्टीत उरलीसुरली पट्टी वाकवून त्यांनी मला तयार केलं आणि चिक्कडपल्लीच्या घरी आणलं. वाट्या जरा वाकड्याच बसल्या, पण चर्चचे पाळकसाहेब "वा, नामदेवराव!" म्हणाले तेव्हा मी उगाच फुगलं. नामदेवरावांच्या पत्नी सुशीलाबाई मला अशोकाच्या पानांनी सजवत. पहिली मेणबत्ती आशेची. ती सगळ्यांत आधी पेटते, म्हणून नाताळापर्यंत तीच सगळ्यांत बुटकी होते.

पुढे नामदेवराव गेले. मुलगा विनय टोरांटोहून दफनाला येऊन गेला, त्याला तीन वर्षं झाली. यंदा तो फोनवर म्हणाला, "मम्मी, चौथी मेणबत्ती मी लावणार." सुशीलाबाईंनी ही बातमी अख्ख्या गल्लीत पोचवली.

पहिल्या रविवारी सकाळी त्यांची मुलगी मेधा माझ्यावर पानं बांधत होती. विनयचा फोन आला. सुट्टी मिळाली नाही, तिकीट रद्द केलं, आईला तूच सांग, असं तो म्हणाला. "सांगते," मेधा म्हणाली. मी सगळं ऐकलं.

संध्याकाळी सुशीलाबाईंनी आशेची मेणबत्ती लावली. त्यांचा हात थरथरतो, म्हणून काडी मेधानं पेटवून दिली. "प्रभू, माझ्या लेकराला सुखरूप आण," त्यांनी प्रार्थना केली.

"आमेन," मेधा म्हणाली.

दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारी तेच. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण लोखंडाला वाचा कुठली? मेधाच्या ज्या हातांनी मला सजवलं, त्याच हातांनी मला खोट्यात ओढलं. मित्रांनो, हा दगाच होता.

चौथ्या रविवारी विनयच्या आवडीची खुबानी, म्हणजे सुके जर्दाळू, भिजवून तयार होती. सुशीलाबाई नवी साडी नेसून चपला घालू लागल्या.

"मेधा, गाडी बोलव. मी पण येते एअरपोर्टला."

"मम्मी, तो येत नाही."

"आज नाही?"

"नाहीच येत. तिकीट कॅन्सल केलो म्हणला."

"कधी म्हणला?"

"पहिल्या रविवारी. तू परेशान होशील म्हणून मी..."

सुशीलाबाई चपला काढून माझ्यासमोर बसल्या. आशेची मेणबत्ती अंगठ्याएवढी उरली होती. त्या तिच्याकडेच बघत राहिल्या.

"मी ही लावले तवा तुला मालूम होतं?"

"हौ."

"आणि आमेन म्हणलीस?"

मेधा रडू लागली. सुशीलाबाई रडल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी मेधानं नेहमीसारखी काडेपेटी उचलली.

"नक्को. मी लावते."

तीन काड्या मोडल्या, चौथी पेटली. सुशीलाबाईंनी चारही मेणबत्त्या लावल्या. प्रार्थनेत विनयचं नाव घेतलं, मेधाचंही घेतलं. शेवटी आमेन मात्र त्या एकट्याच म्हणाल्या.

मित्रांनो, मला गंज चढला तर पुसा, तेलाचं बोट लावा. नाही लावलंत तरी मी चालवून घेईन. पण कुणी तुमची वाट पाहत असेल आणि तुम्ही जाणार नसाल, तर पहिल्याच रविवारी सांगा. मेणबत्ती लावायच्या आधी सांगा.