बदलीची बाई

माझी बायको म्योंगजा अकरा वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. डिसेंबरात तिला साथीचा ताप आला. तोच ताप तिसरीच्या बाईंनाही आला होता आणि त्या पगारी रजेवर घरी होत्या. स्वयंपाकघरातल्या बायकांनाही रजा होती, पण आधी आपल्या बदलीची बाई आपणच शोधून द्यायची. फणफणत्या तापात तिने चौदा जणींना फोन केले. कोणी मिळालं नाही.

"मी नाही गेले तर तिघींनी आठशे पोरांचं जेवण कसं उरकायचं?" असं म्हणत ती मास्क लावून गेली. आठव्या दिवशी न्यूमोनियाने वारली.

अंत्यविधीच्या दालनात, भेटायला येणाऱ्यांना जेवण वाढतात तिथे, शाळेचे कार्यालयप्रमुख प्यो माझ्यासमोर बसून सूप पीत होते.

"वहिनी कामाला फार पक्क्या. अंगात ताप असतानाही आल्या," ते म्हणाले.

"ती आली नाही, तुम्ही यायला लावलंत. आता तिच्या जागी कोण आहे?"

"त्याची काळजी नको, दादा. वहिनी गेल्या त्याच दुपारी बाई मिळाली."

"कुठून?"

"कार्यालयात बदलीच्या बायकांची यादी असते ना."

मी त्यांच्यापुढचा वाडगा उचलला आणि त्यांना निघायला सांगितलं.