जांघेवरचा हात

वाशीमच्या मटण गल्लीत परवेजचं दुकान इफ्राच्या घरासमोरच होतं. इफ्रा डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेली. सकाळी परवेजच्या आईची, अमीनाबीची, किंकाळी ऐकून ती धावली.

हाडावरचं मांस सोडवताना सुरा निसटून परवेजच्या मांडीत, जांघेच्या जरा खाली घुसला होता. लालभडक रक्त उसळ्या मारत होतं. कोणीतरी दाबलेलं फडकं केव्हाच चिंब झालं होतं.

इफ्राला सगळं ठाऊक होतं. जांघेच्या घडीच्या मधोमध बोटाला ठोका लागतो ती मोठी धमनी. तिच्या बाहेरच्या अंगाला मज्जातंतू, आतल्या अंगाला शीर. धमनी तिथंच हाडावर दाबून धरायची. परीक्षेत ही आकृती तिनं न चुकता काढली होती. पण इथं लुंगी बाजूला सरकलेला परवेज होता, आणि गल्लीतले पुरुष बघत होते. तिचे हात ओढणीतच अडकून राहिले.

“पोरी, तू डॉक्टरकी शिकून राह्यली ना? मंग काहून उभी हायेस?” अमीनाबी ओरडली.

तेव्हा कुठं इफ्रा खाली बसली. तळहात जांघेत रोवून तिनं अंगाचा सगळा भार टाकला. उसळी थांबली. ऑटोत, दवाखान्याच्या दारापर्यंत तिनं हात काढला नाही.

परवेज वाचला. धमनी शिवली गेली, पण सुऱ्यानं मज्जातंतूही दुखावला होता. चालताना गुडघा लटपटायचा. घरी आल्यावर इफ्रा दिसली की तो मान खाली घालून आत जायचा. आपण थांबलो ते याला कळलंय, या विचारानं तिला जेवण जाईना.

एक दिवस ती त्याच्या घरी गेली.

“भाई, त्या दिवशी मी थांबली होती. लोकाइची लाज वाटली मले. तेवढं रक्त माह्यामुळं गेलं.”

परवेज गोंधळला. “मले वाटे, मले हात लावा लागला म्हणून तुलेच लाज वाटून राह्यली. म्हणून मी तोंड लपवत होतो.”

‘जाऊ दे’ असं तो म्हणाला नाही. मग पाय पुढं करून म्हणाला, “हा गुडघा काहून लटपटते, ते तरी सांग.”

इफ्रा सांगू लागली. तिचे कान अजून तापलेलेच होते.