कच्चा टाका

तिने तेलाची बरणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, गुडघे वाकवले आणि डोळा तेलाच्या पातळीला आणला. प्रयोगशाळेत दिवसभर पाण्याचे नमुने तपासताना बघायची तसंच: नजर सरळ, श्वास रोखलेला, आणि वाचायचं ते कडेला नव्हे, मध्ये जिथे पातळी किंचित खोल जाते तिथे. संध्याकाळचं ऊन तेलातून आरपार येऊन तिच्या मनगटावर मधासारखं सांडलं होतं. पट्टीवर आज तेविसावी रेघ यायला हवी होती. तेल एकविसाव्याच रेघेवर होतं, दोन रेघा वर.

साखर, तांदूळ, पीठ. बाकीच्या तिन्ही बरण्या तेच सांगत होत्या.

छापखान्यातली नवऱ्याची एक पाळी बंद झाली तेव्हापासून घरखर्च तिने असा काचेत उतरवला होता. पहिल्या तारखेला हातभर उंच बरण्या भरायच्या, त्यांवर कागदाची पट्टी चिकटवायची, पट्टीवर तीस रेघा. रोज एक रेघ, त्याखाली जायचं नाही. बरण्यांना ताप आल्यासारखा वाटतो, असं नवरा म्हणाला होता. मुलीने एकदा पोट पुढे काढून, मलाही एक पट्टी लाव, म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. सासूबाई तेवढ्या काही बोलल्या नव्हत्या. त्यांचं आयुष्य शिलाईत गेलेलं. मापाची गोष्ट निघाली की त्या गप्प बसून बघत राहत.

एवढं करूनही महिना जुळत नव्हता. शेवटी दोघा नवरा-बायकोने दार लोटून ठरवलं, की पुढच्या महिन्यापासून सासूबाईंनी मोठ्या दिरांकडे, दूरच्या गावी, राहायला जावं. त्या घरात त्यांच्याशी दिवस-दिवस कुणी बोलत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याबद्दल दोघंही बोलले नाहीत. तुला नीट सांगता येतं, असं म्हणून नवऱ्याने सांगायचं काम तिच्या गळ्यात घातलं होतं. त्याला आठ दिवस झाले. तिने सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्याच्या पट्ट्या मात्र त्याच रात्री आखून खणात ठेवल्या होत्या.

आणि त्याच आठ दिवसांत बरण्या सहाच रेघा उतरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कामावर काचनळ्यांच्या रांगेसमोर बसलेली असताना तिला बरण्याच दिसत राहिल्या. ओहोटी अर्ध्यावर विसरून थबकलेलं पाणी असावं, तशा. नळ्यांमधून उजेड हलत होता, कुठेतरी नळ ठिबकत होता, आणि तिच्या डोळ्यांपुढे पीठ, तेल, साखर हळूहळू वर चढत बरणीच्या तोंडाशी आली. घरालाच आपली दया आली की काय, असं वाटून तिचं तिलाच हसू आलं. मग हसता हसता आकडे आपोआप जागेवर बसले. आठाला सहा. म्हणजे चाराला तीन.

तिने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

घराचा जिना चढण्याआधीच सासूबाई दिसल्या. जिन्याखाली कपडे दुरुस्त करून देणाऱ्या बाईंचं दुकान होतं. त्याच्या मागच्या बाकावर बसून त्या एका शर्टाला काज करत होत्या. शेजारी दोन डबे धुऊन पालथे घातलेले. दुकानवाल्या बाई कौतुकाने सांगत सुटल्या, की असे काज आता कोण करतं, आणि मजुरी देते म्हटलं तर नको म्हणतात, दोन्ही वेळचं तुमच्याबरोबर खाईन म्हणतात. गिऱ्हाईक आलं तशा त्या पुढे गेल्या.

तुम्ही यायच्या आत मी जेवून घेतलं, असं सासूबाई गेले आठ दिवस रोज संध्याकाळी म्हणत होत्या. घरी स्वयंपाक त्याच करत, आणि वाढतही त्याच.

"आई, हे काय?"

"काज." त्यांनी मान वर केली नाही.

"घरी का जेवत नाही?"

"खणात कात्री शोधत होते. तुझ्या नव्या पट्ट्या दिसल्या."

"त्यांवर काही लिहिलेलं नाही."

"रेघा जवळ आल्यात." त्यांनी अंगठा आणि बोट यांत केसाएवढं अंतर धरलं. "चौघांचं माप तिघांवर आणलंयस. एवढं कळतं गं मला."

तिने बाकाची कड घट्ट धरली. मशीनच्या चाकावरून उन्हाचा एक ठिपका फिरत फिरत सासूबाईंच्या गुडघ्यावर येत होता, नाहीसा होत होता, पुन्हा येत होता.

"म्हटलं, कापण्याआधी कच्चा टाका घालून बघावा," सासूबाई म्हणाल्या. "मी नसले तर घर अंगात नीट बसतं का ते."

"मग?"

"मोजतेस तू. तूच सांग."

आठ दिवस, चार बरण्या. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. कामावर तिने आजवर एक आकडाही बदललेला नव्हता.

"नाही बसत," ती म्हणाली. "काखेत दाटतं."

सासूबाईंनी तेव्हा कुठे वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं, कापडाचा पोत पाहावा तसं. मग दोरा दाताने तोडला.

"दाटत असेल तर उसवावं लागतं," त्या म्हणाल्या, आणि शर्ट घडी करायला घेतला.

संध्याकाळी नवऱ्याने स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळू आवाजात विचारलं, सांगितलंस का. सांगितलं, असं म्हणून तिने चौथं ताट मांडलं. तो ताटाकडे बघत तसाच उभा राहिला, मग पाण्याचे पेले घेऊन आला.

जेवणानंतर तिने सुईसाठी सासूबाईंचा शिवणाचा डबा उघडला. आत तिच्या चारही नव्या पट्ट्या होत्या, दुमडून घट्ट केलेल्या, आणि त्यांवर उसवलेला पांढरा दोरा गुंडाळलेला.