पंचमीची भरती

हेमचंद्रच्या मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक होतं आणि ते अण्णांच्या हिशोबाशी साफ जुळत नव्हतं. तरी त्याने मोबाइल खिशात टाकला. आई गेल्यापासून अण्णांनी सगळ्यातून अंगच काढून घेतलं होतं. गुहागरचं घर बंद करून त्यांना परदेशात आपल्याकडे, फेल्डहोवनला आणलं, तर इथेही दिवसभर खिडकीशी. सून श्रुती गरम भाकरी वाढायची, ती ताटात वाळून जायची. आपला बाप असा डोळ्यांदेखत विझताना बघणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

मग ऑफिसात कुणीतरी सांगितलं की झीलंडच्या खाडीत हल्ली डोराडे मासा लागतो. शिंपले फोडणारे दात त्याचे, आमिष खेकड्याचं. ते ऐकून अण्णांनी मान वर केली. बस्, तेवढ्यावर हेमचंद्रने शनिवारी गाडी काढली.

पाण्यात लांबवर गेलेल्या दगडी बंधाऱ्याच्या टोकाशी उभं राहून अण्णांनी तिथी विचारली. पंचमी. पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचारला भरती पुरी झाली, आता ओहोटी. त्यांच्या गावात भरती अशीच काढत. इथला समुद्र काही गुहागरच्या हिशोबाने चालत नाही, पाणी अजून चढणार, हे इंजिनिअर पोराला कळत होतं हो! पण कित्येक महिन्यांनी बापाचा आवाज असा खणखणीत निघाला होता. तो खोडायची छाती होईना. थोडा वेळ थांबू आणि निघू, असं त्याने ठरवलं.

कसलं निघू! गळाला मासा लागला, अण्णा चक्क हसले, आणि हा खुळा ते हसू बघत राहिला. मागे वळला तेव्हा बंधाऱ्याचा मधला सखल भाग पाण्याखाली गेला होता. घाईघाईत मोबाइल काढला, तर तोही हातातून निसटून दगडांच्या फटीत गेला.

"अण्णा, चला. पाणी चढतंय."

अण्णा हलले नाहीत. "मला मघापासून दिसतंय रे. तिथी चुकेल, डोळे कसे चुकतील? तू पोहून जाशील. मला राहू दे इथेच."

 हेमचंद्रने त्यांचा हात ओढला, पाया पडला, नाही नाही ते बोलला. म्हातारा ढिम्म. पाणी घोट्यांशी आलं. शेवटी तो बापाच्या पायाशी त्या पाण्यातच बसला.

"मग मीही जात नाही."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. श्रुतीचं नाव घेऊन त्याला अस्सल कोकणी शिव्या हासडल्या, उठ म्हणून दटावलं. तो उठेना. पाणी त्याच्या कमरेवर आलं तेव्हा अण्णांनी माशासकट गळ फेकून दिला, त्याची कॉलर धरून त्याला उभा केला आणि म्हणाले, "माझा पट्टा धर."

पायाने दगड चाचपत अण्णा पुढे झाले. मधे पाणी छातीला लागलं, दोनदा पाय सुटला, पण ते थांबले नाहीत. मागून हेमचंद्र रडत चालला होता. काठावर आल्यावर अण्णा म्हणाले, सोड आता. त्याने पट्टा सोडला नाही.