निर्मळच्या वाटेवरचा ट्रम्पेट

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे मोजू नका. मी लग्नाच्या बँडमधला एक जुना पितळी ट्रम्पेट आहे.

माझा जन्म दूर उत्तरेत झाला, पण आयुष्य गेले वसईत. निर्मळजवळच्या वाडीतल्या फर्डिनंडने मला घेतले आणि सायकलला बांधून गावोगाव नेले. सोपाऱ्याच्या स्तूपावरून, किल्ल्याच्या तटाखालून, आगाशीच्या बाजारातून आम्ही फिरलो. सकाळी चर्चच्या सणाला वाजायचो, संध्याकाळी देवळासमोरच्या वरातीत. लोक थांबून ऐकत. फर्डिनंड मला रोज पुसत असे.

पुढे बोळिंजला इमारती उठल्या, वरातीत डीजे आला. फर्डिनंडचे पुढचे दात पडले. दातांचा आधार गेला की ओठांना जोर राहत नाही. मी कपाटावर धूळ खात पडलो.

गेल्या वर्षी त्याचा शेजारी हिरामण वारला. दोघांच्या केळीच्या बागांना एकाच विहिरीचे पाणी. म्हातारपणी हिरामण मुलाकडे बोळिंजला राहायला गेला होता. अंत्ययात्रेसाठी त्याला निर्मळला आणले. भजनी मंडळी टाळ घेऊन आली. फर्डिनंड मला छातीशी धरून कुंपणापाशीच थांबला. हिरामणचा मुलगा मयूर त्याला अदबीने म्हणाला, की भजन आहे, काकांनी त्रास घेऊ नये.

तेव्हा हिरामणची बायको सुशीला उठली.

"मयूर, त्यांना पुढं घे," ती म्हणाली. "भाऊजी, आमच्या लग्नात तुम्हीच वाजवलं होतं. आजही वाजवा."

"वहिनी, दात नाहीत. सूर लागायचा नाही."

"नाही लागला तरी चालेल."

वाटेत त्याने मला ओठांना लावले. पहिला सूर फाटला. दुसऱ्यात नुसती हवा गेली. तो थांबेल, अशी मला भीती वाटली. तेवढ्यात भजनीबुवांनी हात वर केला आणि टाळ अगदी हळू झाले. फर्डिनंडने चाचपडत अभंगाची चाल धरली. थरथरत, तुटत, आम्ही स्मशानाच्या फाटकापर्यंत वाजत गेलो. तोवर कोरड्या डोळ्यांनी चालणारा मयूर तिथे रडला.

आता दर रविवारी तो बोळिंजहून स्कूटरवर येतो आणि फर्डिनंडपाशी शिकतो. त्याच्या फुंकरीला अजून सूर सापडलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असे जुने वाद्य असेल तर त्याची धूळ झाडा, त्याच्या कळांना तेल घाला. आणि ते वाजवणारे माणूस अजून असेल, तर आधी त्याच्यापाशी जाऊन बसा.